गाणे आखूड करता येते काय?
(ॲलिस्टर मॅक्लाउड यांच्या कथांच्या निमित्ताने)

कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे आणि त्याच्या ईशान्येस केप ब्रेटन हे बेट. या बेटावर स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातून व त्यालगतच्या बेटांतून आलेल्या गेलिक भाषिकांची वस्ती दोनशे वर्षांहून अधिक काळ नांदत आली आहे. ‘हेक्टर’ नावाचे जहाज १७७३ मध्ये नोव्हा स्कोशियातील पिक्टू बंदरास लागले, तेव्हापासून या स्थलांतराची गणना करण्याची प्रथा आहे. पुढे जमीनदारांनी मेंढपाळीसाठी खेडीच्या खेडी रिकामी करविली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माणसांचे लोंढे केप ब्रेटनकडे वळले. एकाच खोऱ्यातील, एकाच धर्मपंथाची, एकमेकांच्या नात्यातली कुटुंबे शेजारी शेजारी वसली. त्यामुळे मूळ गावची बोली, गाणी, सारंगीसारखे छातीशी न धरता खांद्याशी धरून वाजविले जाणारे फिडल आणि नाचाचा ठेका ही सारी मालमत्ता जशीच्या तशी समुद्रापार आली.

या समाजाला ज्याने इंग्रजी साहित्यात कायमची जागा मिळवून दिली, तो लेखक म्हणजे ॲलिस्टर मॅक्लाउड (१९३६–२०१४). त्यांचा जन्म सॅस्कॅचेवान प्रांतातला. पण दहाव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब केप ब्रेटनला परतले आणि तेथील इन्व्हर्नेस परगणा हीच त्यांची मनोभूमी झाली. ऑन्टॅरिओतील विंडसर विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. लिहिले मात्र फारच थोडे. ‘द लॉस्ट सॉल्ट गिफ्ट ऑफ ब्लड’ (१९७६) आणि ‘ॲज बर्ड्स ब्रिंग फोर्थ द सन’ (१९८६) हे सात सात कथांचे दोन संग्रह, २००० साली ‘आयलंड’ या नावाने एकत्र झालेल्या एकंदर सोळा कथा आणि १९९९ ची ‘नो ग्रेट मिस्चिफ’ ही एकमेव कादंबरी. या कादंबरीस २००१ साली डब्लिनचा इम्पॅक पुरस्कार लाभला आणि लेखकाची कीर्ती जगभर झाली.

आमच्या वाचन-बैठकीत गेल्या हिवाळ्यात ही कादंबरी आणि निवडक कथा आम्ही एकापाठोपाठ वाचल्या. पिढ्यान्‌पिढ्या मूळ भूमीपासून दूर राहिलेल्या कुटुंबांतील आम्ही वाचक. तेव्हा कादंबरी आम्हांस भिडली यात नवल नाही. तरीही वाचन संपल्यावर आमचे मत प्रचलित मतापेक्षा निराळे झाले. कादंबरीचा गौरव योग्यच आहे. परंतु वारसा म्हणजे काय, या प्रश्नाला मॅक्लाउड यांनी दिलेले खरे आणि कठोर उत्तर कादंबरीत नसून ‘द ट्यूनिंग ऑफ परफेक्शन’ या एका कथेत आहे, असे आम्हांस वाटते. या लेखात त्या मताची कारणे मांडावयाची आहेत.

प्रथम कादंबरीविषयी. कॅलम रुआ, म्हणजे तांबड्या केसांचा कॅलम, हा मूळ पुरुष १७७९ मध्ये मॉयडार्टहून कुटुंबकबिल्यासह निघतो. किनाऱ्यावर मागे ठेवलेली कुत्री नावेच्या मागे पोहत येते, तिला नावेत घेतले जाते. प्रवासात त्याची पत्नी मरण पावते. या माणसाची पुढील सर्व संतती ‘कॅलम रुआचे कुळ’ म्हणून ओळखली जाते. कथा सांगणारा अलेक्झांडर मॅक्डॉनल्ड हा ऑन्टॅरिओतील दंतवैद्य आहे. वाकडे दात सरळ करणे हा त्याचा व्यवसाय. त्याचा थोरला भाऊ कॅलम टोरोंटोतील एका कळकट खोलीत दारूच्या आधाराने दिवस कंठीत आहे. त्याला भेटावयास निघालेल्या धाकट्या भावाच्या स्मरणातून सारी कुलकथा उलगडत जाते.

कादंबरीच्या नावामागे एक ऐतिहासिक पत्र आहे. १७४६ च्या कलोडनच्या लढाईत डोंगराळ प्रदेशातील बंडखोरांविरुद्ध लढलेला जेम्स वुल्फ हा सेनाधिकारी पुढे १७५९ मध्ये क्वेबेक जिंकावयास गेला तो त्याच डोंगराळ लोकांची पलटण बरोबर घेऊन. हे लोक काटक आहेत, सैन्यात उपयोगी पडतील आणि मेले तरी फारसे काही बिघडणार नाही, अशा आशयाचे मत त्याने त्यापूर्वीच एका पत्रात लिहून ठेवले होते. कादंबरीत दोन आजोबा आहेत. वडिलांकडचे आजोबा गाणी, गोष्टी आणि मद्य यांत रमणारे. आईकडचे आजोबा इतिहासाची कागदपत्रे काटेकोरपणे पडताळणारे. वुल्फच्या पराक्रमाच्या कथेमागील हा तिरस्कार दुसऱ्या आजोबांना ग्रंथांत सापडतो. स्मरण आणि इतिहास या दोहोंत फरक आहे आणि घराण्याला दोहोंची गरज आहे, ही गोष्ट लेखकाने या दोन वृद्धांच्या जोडीतून फार समंजसपणे दाखविली आहे.

कादंबरीतील सर्वांत मोलाचा विचार आमच्या मते निराळ्याच ठिकाणी आहे. कथानायक तीन वर्षांचा असताना आईवडील व एक भाऊ समुद्रावरील बर्फ फुटून बुडतात. तो आणि त्याची जुळी बहीण आजीआजोबांकडे वाढतात, शाळा शिकतात, पुढे सुस्थितीत जातात. थोरले भाऊ मात्र किनाऱ्यावरच्या जुन्या घरात आपापले राहतात. मासेमारी करतात, नंतर एलियट लेकच्या युरेनियमच्या खाणीत उतरतात. गेलिक टिकते ती या थोरल्यांच्या तोंडी. ते तीत बोलतात, कामाच्या पाळीत तिच्यावर विसंबतात. धाकट्याला शिक्षण मिळाले, दवाखाना मिळाला आणि भाषा मात्र कानात उरली. ज्यांनी वारसा जपला त्यांना दारिद्र्य आले आणि ज्यांना सुबत्ता आली त्यांच्या हातून वारसा निसटला, हा व्यवहार लेखक कोणालाही दोष न देता मांडतो. पोराबाळांचे बरे व्हावे म्हणून घरातली भाषा बाजूस सारणारे आईबाप केप ब्रेटनमध्ये हजारोंनी झाले. इंग्रजी शाळांनी जे केले ते केलेच. पण घरच्या उंबऱ्याआतील हा निर्णयही त्यात होता.

येथवर आम्ही लेखकाबरोबर आहोत. पुढे मात्र अडखळतो. भाषा हातून जाते आहे हे कळल्यावर कादंबरी तिच्या जागी रक्ताला आणून बसविते. आपल्या रक्ताच्या माणसांना जपा, हा उपदेश पुनःपुन्हा येतो. तांबडे केस, काळेभोर डोळे, जुळ्यांची परंपरा, पिढ्यान्‌पिढ्या इमानी राहणाऱ्या कुत्र्याची वंशावळ, अशा खुणांनी कुळ ओळखले जाते. बहीण मॉयडार्टला जाते तेव्हा किनाऱ्यावरची वृद्धा तिला चेहऱ्यावरूनच ‘तू इथलीच’ म्हणून ओळखते आणि घरी नेते. प्रसंग हृद्य आहे. आमच्या बैठकीत तो वाचताना दोघीतिघींचे डोळे पाणावले. परंतु डोळे पुसून झाल्यावर एक प्रश्न उरतो. रक्तानेच सर्व काही उतरत असेल, तर मग शिकावयाचे काय आणि शिकवावयाचे काय? केसांचा रंग टिकविण्यासाठी कोणास काही कष्ट करावे लागत नाहीत. भाषेसाठी, गाण्यासाठी, पाठांतरासाठी ते करावे लागतात. रक्ताचा वारसा दिलासा देतो, कारण तो काही मागत नाही.

रक्ताच्या या कल्पनेची दुसरी बाजूही कादंबरीतच दिसते. खाणीत मॅक्डॉनल्डांची टोळी आणि फ्रेंच भाषिक कामगारांची टोळी यांच्यात वैर माजते, एक फ्रेंच मुकादम मारला जातो आणि कॅलम तुरुंगात जातो. वस्तुतः हे फ्रेंच भाषिकही आपापली गाणी आणि फिडल घेऊन आलेले, इंग्रजीच्या छायेतले लोक आहेत. लेखकाला हे साम्य दिसते, परंतु कुळाच्या निष्ठेपुढे ते टिकत नाही. याहून मोठी उणीव म्हणजे केप ब्रेटनचे मूळ रहिवासी मिकमॅक. ज्यांना स्वतःच्या जमिनीवरून हुसकावण्यात आले, त्या गेलिक लोकांनी येथे ज्या भूमीवर घरे बांधली ती दुसऱ्या कोणाची तरी होती. कादंबरीत या गोष्टीला पुरेशी जागा नाही. जो लेखक दोन आजोबांच्या रूपाने स्मरणाची पडताळणी इतिहासाकडून करवितो, त्याच्याकडून ही अपेक्षा धरणे अन्यायाचे नाही.

आता त्या कथेकडे वळू. ‘द ट्यूनिंग ऑफ परफेक्शन’चा नायक आर्चिबाल्ड अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. डोंगरमाथ्याजवळ स्वतः बांधलेल्या घरात तो एकटा राहतो. पत्नी तरुणपणीच गेलेली. त्याने पुन्हा लग्न केले नाही. जुन्या पद्धतीने गेलिक गाणी म्हणणारा अखेरचा अस्सल गायक म्हणून त्याची ख्याती आहे आणि लोकगीतांचे संग्राहक त्याच्याकडे येऊन गेले आहेत. हॅलिफॅक्सला मोठा स्कॉटिश सोहळा व्हावयाचा असतो. दूरचित्रवाणीचा निर्माता येतो, आर्चिबाल्डच्या घरच्या मंडळींचे गाणे ऐकतो, त्याला ते पसंतही पडते. अडचण एकच: गाणी फार लांब आहेत. काही कडवी गाळावीत, म्हणजे वेळेत बसेल.

आर्चिबाल्ड नकार देतो. त्याचे म्हणणे साधे आहे. ते गाणे म्हणजे एक कथा आहे, विलाप आहे. मधली कडवी काढली तर कथा उरत नाही. निर्मात्याच्या दृष्टीने ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच शब्द कळणार नाहीत, तेव्हा काय फरक पडतो? आर्चिबाल्डच्या घरातल्या तरुणांनाही शब्द पाठ आहेत, भाषा अवगत नाही. नातीला हॅलिफॅक्सला जावयाचे आहे आणि आजोबांचा हट्ट तिला समजत नाही. अखेर त्या परिसरातील कार्व्हर नावाच्या रांगड्या तरुणाची टोळी निवडली जाते. ते निर्मात्याला हवे तसे म्हणावयास तयार आहेत.

कथेत एका घोडीचा प्रसंग आहे. आर्चिबाल्डने आपली घोडी कार्व्हरला विकलेली असते. पुढे त्याला कळते की अशा घोड्या सतत गाभण ठेवल्या जातात, कारण औषध बनविणाऱ्यांना त्यांचे मूत्र हवे असते. शिंगरांची कोणास गरज नाही. या प्रसंगावर लेखक भाष्य करीत नाही, वाचकाने ते करावे. प्रसवाची क्रिया आहे पण संतती नको. गाण्याचा आवाज आहे पण अर्थ नको. परंपरेचे प्रदर्शन आणि परंपरेचे सातत्य या दोहोंतील भेद इतक्या थोड्या शब्दांत सांगणारे दुसरे स्थळ आमच्या वाचनात नाही.

मॅक्लाउड येथे कार्व्हरला खलपुरुष करीत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. तोही त्याच मातीतला आहे. त्याला गाण्याचा अर्थ ठाऊक नसेल, पण आर्चिबाल्डचे बरोबर होते हे ठाऊक आहे. कथेच्या शेवटी तो आपल्या साथीदारांसह मद्य घेऊन म्हाताऱ्याच्या दारी येतो. त्यात लाज आहे, आदर आहे आणि काही प्रमाणात उपकाराची फेडही आहे. दोघांनाही एकमेकांचे म्हणणे समजते आणि त्यामुळे काहीही बदलत नाही.

ही कथा एकाकी नाही. ‘द बोट’ या आरंभीच्या कथेतील कोळी बाप पर्यटकांना गाणी म्हणून दाखवितो आणि आईला ते रुचत नाही. ‘द क्लोजिंग डाउन ऑफ समर’मधील खाणकामगार आफ्रिकेला निघण्यापूर्वी किनाऱ्यावर पडून राहतात, आपसांत गेलिक गातात. पण केल्टिक पुनरुज्जीवनाच्या जलशात व्यासपीठावर उभे केल्यावर त्यांना आपले गाणे आपलेच विडंबन वाटू लागते. आफ्रिकेत पाहिलेली झुलूंची नृत्ये त्या कथेच्या निवेदकाला आठवतात: आपण पाहिले खरे, पण समजले किती? अर्थ न कळणारा प्रेक्षक आणि प्रेक्षकाला हवे ते देणारा गायक, ही मॅक्लाउड यांच्या कथांतील जुनी व्यथा आहे. आर्चिबाल्डमध्ये तिला निर्णयाचे रूप आले.

येथे आम्हांस स्वतःविषयी काही सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातील एका सांस्कृतिक महोत्सवात मंगळागौरीचे खेळ सादर करण्याचे आमंत्रण आमच्या भगिनी मंडळास आले. नऊवारी, नथ, फुगड्या, झिम्मा हे सारे हवे होते. वेळ सात मिनिटे. गाणी दोन-दोन ओळींची करावीत, ठेका जलद ठेवावा, अशी सूचना होती. ज्यांना सारी गाणी मुखोद्गत होती त्या आमच्याकडील वडीलधाऱ्या मावशींना आम्ही हे सांगावयास गेलो. त्या रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, “अगं, सात मिनिटांत जागरण कसं व्हायचं?” त्या आल्या नाहीत. आम्ही गेलो, टाळ्याही पडल्या. मावशी पुढे दोन वर्षांनी वारल्या. त्यांची पूर्ण गाणी आमच्यापैकी कोणी उतरून घेतली नव्हती. जी सात मिनिटांची केली, तेवढीच आज आमच्या मुलींना येतात. आर्चिबाल्डची कथा वाचून संपली तेव्हा बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही, त्याचे कारण हे.

तरीही साम्य ओढून ताणून लावू नये. गेलिकची आणि मराठीची स्थिती एक नाही. आपली मूळ भूमी मराठीनेच बोलते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते. स्कॉटलंडमध्ये २०२२ च्या जनगणनेनुसार गेलिक बोलणारे सुमारे ७० हजार, आणि संपूर्ण कॅनडात २०२१ साली सुमारे २ हजार. केप ब्रेटनच्या माणसाला मागे वळून पाहावे तर मागेही ओहोटीच दिसते. शिवाय ते लोक हुसकावलेले म्हणून आले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज माळव्यात, ग्वाल्हेरात, बडोद्यात आले ते राज्यकर्त्यांच्या बरोबर, दप्तर आणि दौलत घेऊन. आर्चिबाल्डची करुणा उसनी घेऊन आपण आपले चित्र रंगविले तर ते खोटे होईल. आपल्या मुलांच्या तोंडून मराठी जात असेल, तर ती कोणी हिरावून घेतलेली नाही.

आणखी एक गोष्ट मॅक्लाउड यांच्या बाजूने आणि विरुद्धही नोंदविली पाहिजे. हे सारे विलाप इंग्रजीत आहेत. गेलिक शब्द आणि गाण्यांचे तुकडे मधूनमधून येतात, पण कथेचा देह इंग्रजीचा आहे. आर्चिबाल्ड ज्या भाषेत गातो, त्या भाषेत त्याची कथा वाचता येत नाही. काही समीक्षक याला लेखकाची मर्यादा मानतील. आम्ही याला प्रामाणिकपणा मानतो. मात्र त्यामुळे एक भ्रम होण्याचा संभव आहे. मॅक्लाउड वाचून जगाला वाटते की केप ब्रेटनची गेलिक संपली आणि तिचे सुंदर श्राद्ध झाले. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. सिडनी गावी १८९२ ते १९०४ या काळात ‘माक-तल्ला’ नावाचे संपूर्ण गेलिक वृत्तपत्र चालले. त्या नावाचा अर्थ प्रतिध्वनी. १८९० मध्ये गेलिकला कॅनडाची राजमान्य भाषा करण्याचे विधेयक सिनेटपुढे आले आणि ४२ विरुद्ध ७ मतांनी पडले. १९३८ साली सेंट ॲन्स येथे गेलिक महाविद्यालय निघाले. आरंभी तेथे भाषेपेक्षा चौकड्यांच्या वस्त्रांचा आणि पाइप-वाद्यांचा थाट अधिक असल्याची टीका झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी केप ब्रेटनचा फिडलवादक लोपत चालल्याचे सांगणारा एक माहितीपट दूरचित्रवाणीवर आला, तो लोकांना झोंबला आणि १९७३ मध्ये ग्लेनडेल येथे शंभरावर वादक एकत्र जमले. २००६ साली प्रांतिक सरकारने गेलिक व्यवहारांचे स्वतंत्र कार्यालय काढले. २०२१ मध्ये मॅबू येथे मुलांना गेलिकमधूनच शिकविणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. आणि ती चालविते तेच सेंट ॲन्सचे महाविद्यालय, ज्याच्यावर कधीकाळी केवळ पोशाखाचा थाट केल्याचा आक्षेप होता.

ही शेवटची गोष्ट आमच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण ती आर्चिबाल्डला आणि कार्व्हरला, दोघांनाही थोडे थोडे उत्तर देते. नुसता नकार पुरत नाही. आर्चिबाल्डने गाणे अखंड राखले; पण डोंगरावर एकट्याने राखले, आणि नातीला त्याचा अर्थ शिकविण्याचे काम राहून गेले. कथेत लेखक हे उघड म्हणत नाही, परंतु नातीच्या वैतागात ते ऐकू येते. दुसरीकडे, प्रदर्शनासाठी निघालेली संस्थाही पिढ्या गेल्यावर का होईना, भाषेकडे वळू शकते. त्यासाठी कोणीतरी वर्गात मुलांसमोर बसून रोज तेच तेच शब्द शिकवावे लागतात. कादंबरीकाराला हा विषय रुक्ष वाटेल. पण वारसा टिकतो तो तेथे.

म्हणून ‘नो ग्रेट मिस्चिफ’ जरूर वाचावी. वादळात सेतू ओलांडून मरणोन्मुख भावाला घरी नेणारा तिचा शेवट कोणासही विसरता येणार नाही. परंतु वाचून झाल्यावर रक्ताच्या ऊबेत स्वस्थ बसू नये. तिच्यानंतर ‘द ट्यूनिंग ऑफ परफेक्शन’ वाचावी. ती वाचकाला बसू देत नाही.

पुढील त्रैमासिक बैठकीत या कथेचे सविस्तर कथन आणि चर्चा ठेवली आहे. तसेच मंगळागौरीची, भूपाळ्यांची, डोहाळ्यांची, जात्यावरची जी गाणी आपापल्या घरी कोणास पूर्ण येत असतील, ती सर्व कडव्यांसह उतरून आणावीत, अशी सभासदांस विनंती आहे. ज्या शब्दांचा अर्थ ठाऊक असेल तो शेजारी लिहावा. वेळेची मर्यादा नाही.